बाग सेवनियातला समुद्र

भोपाळला समुद्र नाही, ही गोष्ट आमच्या मराठी मंडळाला वर्षातून एकदाच, नारळी पौर्णिमेला, टोचत असे. पूर्वी आम्ही मोठ्या तलावाच्या काठी जाऊन नारळ सोडत होतो. पुढे तिथल्या पहारेकऱ्याने हरकत घेतली, आणि मंडळातल्या सर्वांत वयोवृद्ध सभासद माई यांनी आमच्याऐवजी त्याचीच बाजू घेतली. "खरं आहे त्याचं. गोड्या पाण्यात टाकलेला नारळ समुद्राला कसा पोचायचा?" माई रत्नागिरीकडच्या, लग्नानंतर सरकारी नोकरीतल्या नवऱ्याबरोबर इथे आल्या आणि इथल्याच झाल्या. मंडळाचा चिटणीस या नात्याने मार्ग काढणे माझ्याकडे आले. मी बाग सेवनिया या वस्तीतल्या आमच्याच गल्लीतल्या एका घराची घंटा वाजवली, कारण त्या घराच्या बैठकीत समुद्र होता.

हा शब्द माझा नाही, घरमालकिणीचा आहे. जवळजवळ भिंतभर लांबीच्या त्या काचेच्या टाकीला त्या कधी अ‍ॅक्वेरियम म्हणत नसत. "अ‍ॅक्वेरियम दातांच्या दवाखान्यात असतं, पेशंटांना बसवून ठेवायला," असे त्यांचे मत होते. खारे पाणी, सच्छिद्र खडक, त्यांवर उमललेली मऊ प्रवाळे, मधोमध डोलणारे एक समुद्रफूल आणि या सगळ्यांतून ये-जा करणारे मासे, एवढे मिळून त्यांच्या लेखी समुद्र होत असे. कॉलनीचा चौकीदारही रोज सकाळी फाटकातून विचारी, "मॅडम, समंदर ठीक है?" आणि त्या आतून तितक्याच गांभीर्याने सांगत, "ठीक है, भैया. आज ज़रा सुस्त है."

बाई मूळच्या नागपूरच्या. इथल्या मोठ्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत त्यांनी सगळी नोकरी पाण्याची परीक्षा करण्यात काढली. निवृत्तीनंतर बरखेड्यातले कारखान्याचे क्वार्टर सोडावे लागले तेव्हा त्यांनी हे घर घेतले आणि बैठकीची फरशी आधी टाकीचे वजन पेलेल अशी करून घेतली, मग स्वयंपाकघराकडे वळल्या. लग्न केले नव्हते. कोणी विचारलेच तर "राहून गेलं" म्हणत, जणू दूध आणायचे राहून गेले असावे. मला त्यांनी कधी नावाने हाक मारली नाही. मी त्यांच्यासाठी "सेक्रेटरी" होतो. एरवी त्या प्रमाण मराठी बोलत, परंतु रागावल्या की नागपूर बाहेर येई, आणि माझ्याशी बोलताना ते बऱ्याचदा येई.

त्यांच्या माशांना नावे नव्हती, हुद्दे होते. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेल्या क्लाऊनफिशच्या जोडीतली मोठी मादी ही फोरमन, आणि तिच्या मागे मागे राहणारा छोटा नर हा चार्जमन. एक पिवळा मासा टाकीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत अकारण फेऱ्या मारी, तो व्हिजिलन्स. दिवसरात्र दगड खरवडत फिरणारा काळ्या काट्यांचा एक गोळा होता. त्याला सी अर्चिन म्हणतात हे मला त्यांच्याकडूनच कळले, पण घरात त्याला ग्राइंडर म्हणत. एखादा मासा म्हातारा होऊन मेला तर त्या "मेला" असे म्हणत नसत, "रिटायर झाला" म्हणत आणि त्या दिवशी गोड करत नसत. "खायचे असतात का हो हे?" असे नवा पाहुणा हमखास विचारी. "तुम्ही खायचे असता का?" असा त्यांचा प्रतिप्रश्न असे. पाहुणे बहुधा हसत. बाई हसत नसत.

मे महिन्यात त्या घराची व्यवस्था पाहण्यासारखी असे. बैठकीतला एसी समुद्राला आणि आतल्या खोलीतला कूलर बाईंना. वीज गेली की इन्व्हर्टरवर फक्त टाकीचे पंप चालत, आणि बाई शेजारी बसून पुठ्ठ्याने वारा घेत. आलेल्या माणसाला दारातच थांबवून त्या हुंगत. अत्तर, सेंट, डासांच्या मलमाचा वास यांपैकी काही आढळले तर बोलणे व्हरांड्यात होई. वासाचा साबण घरात नव्हता. पाण्याचा खारटपणा मोजायला उत्तम उपकरण होते, तरीही मोजणी झाल्यावर त्या करंगळी बुडवून जिभेला लावत. "यंत्र आहे ना?" असे मी एकदा म्हणालो. "यंत्राला कोण तपासणार?" असे त्यांनी विचारले, आणि मी सवयीने म्हणालो, "माफ करा."

या सवयीबद्दल इथेच सांगून टाकतो. क्षमा मागणे माझ्या तोंडात सतत असते. माझा धक्का लागला तरी, दुसऱ्याचा मला लागला तरी. कार्यालयात लोक याला नम्रता समजत आणि मीही तशीच समजूत करून घेतली होती. बाईंचे निरीक्षण वेगळे होते. "सेक्रेटरी, तुमच्या माफीचं नायट्रेटसारखं आहे. दिसत नाही, वास येत नाही, पण साठत जातं. मग कधीतरी सगळं पाणीच बदलावं लागतं." तेव्हा मला हा एक विनोद वाटला होता.

नारळी पौर्णिमेला त्यांनी घर दिले, ते अटींवर. उदबत्ती नाही, कापूर नाही. निरांजन व्हरांड्यात. नारळ टाकीच्या काचेला बाहेरून टेकवायचा आणि लगेच फोडून भातात घालायचा. पाण्यात काहीही पडणार नाही, एक अक्षतसुद्धा नाही. मंडळींनी सगळे मान्य केले आणि पाहता पाहता ती आमची प्रथा झाली. इस्त्रीचे कुडते घातलेली आणि नऊवाऱ्या नेसलेली माणसे त्या काचेपुढे रांगेने उभी राहत, फोरमन आणि चार्जमन आतून आमच्याकडे बघत, आणि माई थरथरत्या आवाजात समुद्राला नमस्कार करत. व्हिजिलन्स त्या वेळीही फेऱ्या मारी. बाई स्वतः हात जोडत नसत. कोणाचा हात काचेच्या वर जातो आहे का यावर लक्ष ठेवून कोपऱ्यात उभ्या असत. नारळीभात मात्र त्या स्वतः करत, आणि तो नागपुरी हाताचा असल्यामुळे त्यात लवंगा जरा जास्त पडत.

अशाच एका पौर्णिमेला माईंनी पदराच्या गाठीतून तांब्याचा एक जुना पैसा काढला. लग्न होऊन निघताना तो आईने दिला होता. वाटेत समुद्र दिसेल तिथे टाक म्हणून. बोटीने जायचे ठरले होते, ऐन वेळी मोटारीने घाटातून जावे लागले आणि पैसा राहिला. पुढे कधी तिकडे जाणे झाले नाही. "आता मी जाणार नाही गं कुठे," माई म्हणाल्या. "हाच घेऊ दे समुद्राला."

सगळे बाईंकडे पाहू लागले. कारखान्याच्या एका बड्या साहेबाला टाकीत बोट घातल्याबद्दल बाईंनी घराबाहेर काढल्याचे सर्वांना माहीत होते. बाईंनी पैसा हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाल्या, "ठेवा माझ्याकडे. मी टाकते." त्यांनी तो टाकला नसेल, असे मला घरी जाताना वाटले, आणि त्याचे बरेही वाटले. पुढच्या आठवड्यात त्यांच्या फडताळात मला नेलपॉलिशची बाटली दिसली. जिच्या घरात वासाचा साबण नाही तिच्या घरात हे कसे, असा प्रश्न मनात आला, पण एका स्त्रीला असे विचारणे बरे नव्हे म्हणून मी गप्प राहिलो. माई मात्र भेटेल तेव्हा विचारत, "माझा पैसा आहे ना गं?" आणि बाई सांगत, "आहे, माई. डावीकडच्या कपारीत."

समुद्र कोसळला तो थंडीच्या सुरुवातीला. आधी गोगलगाई काचेवरून गळून वाळूत पडल्या. मग ग्राइंडरचे काटे झडू लागले. प्रवाळे मिटली ती उघडली नाहीत, आणि समुद्रफूल एका रात्रीत विरघळून पाण्यात मिसळले. अशा मेलेल्या जिवांमुळे पाण्यात अमोनिया वाढतो आणि मग माशांना श्वास घेता येत नाही, हे मला बाईंनी त्या सकाळी बादल्या उचलता उचलता सांगितले. फोरमन तळाशी आडवी पडली होती. व्हिजिलन्स पहिल्यांदाच एका जागी थांबला होता. बाईंनी न्हाणीघरातल्या निळ्या पिंपात ताजे खारे पाणी तयार केले आणि ज्यांचे कल्ले हलत होते त्यांना तिकडे नेले. संध्याकाळपर्यंत त्यांतला एकटा चार्जमन उरला. "किती रिटायर झाले?" असे मी हलक्या आवाजात विचारले. "रिटायर नाही," त्या म्हणाल्या. "मेले."

मंडळात चर्चा सुरू झाली. कोणी म्हणाले वीज गेली असेल, कोणी शेजारच्या घरातल्या वाळवीच्या औषधाकडे बोट दाखवले. दिवाळीच्या फराळाला मीच चार माणसे त्या घरी नेली होती आणि त्यांतल्या एकाचे सेंट दारात बाईंच्या नाकातून निसटले होते. मला माझा अपराधी सापडला, आणि तो नेहमीप्रमाणे मीच होतो. मी बाईंकडे गेलो आणि मनात जुळवलेले बोलून टाकले. त्या ऐकत होत्या, परंतु त्यांचे हात रिकाम्या होत आलेल्या टाकीत, डावीकडच्या कपारीत होते. तिथून त्यांनी चिमट्याने पैसा बाहेर काढला. एका बाजूला तो अजून चकचकीत होता. दुसऱ्या बाजूला पारदर्शक लेप खरवडून निघाला होता आणि खाली हिरवा गंज चढला होता.

"ग्राइंडरनं आपलं काम केलं," बाई म्हणाल्या. "दगड खरवडता खरवडता हेही खरवडलं. तांबं पाण्यात उतरत गेलं. गोगलगाईला तांब्याचा कणसुद्धा चालत नाही, हे मला नोकरी लागण्याआधीपासून माहीत आहे."

"मग तुम्ही टाकलात कशाला?"

"माई विचारणार होत्या, पैसा आहे ना म्हणून. नसताना आहे म्हणणं मला जमलं नसतं. नाही टाकत म्हणून सांगणंही जमलं नाही. म्हणून तीन हात नेलपॉलिश दिलं." त्यांनी पैसा पुसून टेबलावर ठेवला. "हुशारी केली, सेक्रेटरी."

माईंना काय सांगायचे हा प्रश्न होता. माझा सल्ला असा की काहीच सांगू नये. नव्वदीला टेकलेल्या बाईला आईच्या पैशाचा असा शेवट ऐकवण्यात काय अर्थ? सेंटचे कारण पुढे करावे, दोष मी घेतो, असेही मी सुचवले. बाई बादली उचलून मोरीकडे गेल्या. दुसऱ्या दिवशी माई वॉकर घेऊन हळूहळू, मुलाबरोबर आल्या, आणि रिकाम्या टाकीपुढच्या खुर्चीत बसल्या.

"माई, तुमचा पैसा मी काढला," बाई म्हणाल्या.

"का गं?"

"त्याच्यानं मासे मेले."

माईंचा चेहरा उतरला. "माझ्या पैशानं?"

"तसं नाही. पैसा तांब्याचा होता, तांब्यानं जे करायचं तेच केलं. त्याला रंग लावून पाण्यात ठेवायची अक्कल माझी."

"माई, खरं तर दिवाळीला माझ्याबरोबर आलेल्यांपैकी एकानं..." असे म्हणत मी पुढे झालो.

"काऊन मधात येता जी?" बाई माझ्यावर कडाडल्या. "कुठं काही मेलं की तुम्ही माफी घेऊन हजर. हे माझं आहे. माझ्याकडेच राहू द्या."

मी बसलो. त्या बोलण्याचा मी पुढे पुष्कळ विचार केला. दोष अंगावर घेणे ही मी माझी उदारता समजत होतो. प्रत्यक्षात कोणी अवघड बोलू लागले की ते लवकर संपावे म्हणून मी क्षमा मागतो. त्या दिवशी दोन म्हाताऱ्या बायकांना एकमेकींशी खरे बोलायचे होते, आणि मला ते ऐकवत नव्हते, एवढेच.

माईंनी पैसा हातात घेऊन हिरव्या डागावरून अंगठा फिरवला. "आईनं समुद्राला द्यायला सांगितला होता," त्या म्हणाल्या. "समुद्र मोठा असतो, त्याला पचतो. हा तुझा एवढासा. मलाच कळायला हवं होतं."

"तुम्हांला कसं कळणार? मी केमिस्ट्रीवाली."

"बरं, मग तुझं चुकलं," माईंनी ते लगेच मान्य केले आणि पैसा पुन्हा गाठीत बांधला. "आता काय करायचं?"

करायचे बरेच होते. तांबे खडकात मुरते, म्हणून सगळे खडक आणि वाळू टाकून द्यावी लागली. चौकीदाराने एक खडक मागून नेला आणि धुऊन फाटकापाशी तुळशीच्या कुंडीत ठेवला. "समंदर का पत्थर है," तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे. काच पुन्हा पुन्हा धुतली गेली. पाण्यातले तांबे शोषणारी औषधी पावडर जाळीच्या पिशव्यांत भरून लटकवली. नवे पाणी गाळून, त्यात समुद्री मीठ विरघळवून दुसऱ्या पिंपात ठेवायचे, आणि ते सतत ढवळायचे. बाईंची पाठ धरली होती. माई रोज दुपारी येऊ लागल्या, पिंपाशेजारी खुर्ची टाकून लाकडी दांडक्याने पाणी ढवळू लागल्या. "दमलात तर सांगा," बाई म्हणत. "ताक नाही करत मी इतकी वर्षं?" असे माईंचे उत्तर असे. न्हाणीघरात चार्जमन एकटा पोहत होता आणि बाई मोरीत, स्टुलावर बसून, लोट्याने अंघोळ करत होत्या. फोरमन गेल्यामुळे हा नर आता हळूहळू मादी होईल, असे त्यांनी मला सांगितले. क्लाऊनफिशमध्ये तसे होते. "ह्यांच्यात जागा रिकामी राहत नाही. आपल्याकडे भरतीवर बंदी येते."

याच दिवसांत पुण्याहून त्यांच्या भाच्याचे फोन येऊ लागले. मुलगा भला होता. आत्याने एकटीने बादल्या उचलू नयेत, पुण्याला यावे, खोली तयार आहे, असे त्याचे म्हणणे. टाकीला मात्र त्या खोलीत जागा नव्हती. बाईंनी त्याला नाही म्हटले नाही, याचे मला आश्चर्य वाटले. नंतर त्या मला म्हणाल्या, "ह्या पाण्यात जीव तगला तर मी इथं. नाही तगला तर पुणं. एकाच माणसानं दोनदा मारलं तर तिसऱ्यांदा त्याच्या हाती पाणी देऊ नये." त्या हे अगदी सरळ बोलल्या. त्यामुळे मला त्याची भीती वाटली.

बाई वारल्या त्याला आता काही काळ झाला. त्या घरात नवे बिऱ्हाड आहे आणि जिथे टाकी होती तिथे मोठा टीव्ही. टाकीतले जीव इंदूरच्या एका हौशी माणसाने नेले. माझ्या आठवणीत मात्र त्या घरातली एकच दुपार ठळक आहे.

टाकी भरून, पाणी मुरून कित्येक आठवडे झाले होते. तांबे तपासण्याची रसायने शून्य दाखवत होती. "हे बाटलीचं शून्य," बाई म्हणाल्या. "बाटलीला दिसत नाही तेवढ्यानंही गोगलगाय मरते." म्हणून मुंबईहून थर्माकोलच्या पेटीत एकच गोगलगाय आली. पेटी उघडताना बाई थबकल्या. "हिला कोणी विचारलं नाही," असे काहीसे पुटपुटल्या. थेंब थेंब पाणी देऊन तिला नव्या पाण्याची सवय केली आणि काचेला टेकवून वाळूत ठेवली. ती शंखात मिटून गेली.

आम्ही वाट पाहत बसलो. माई खुर्चीत, बाई खाली चटईवर, मी दाराशी. काचेवर शेवाळाचा तपकिरी पातळ थर चढला होता.

"मेली का गं?" माईंनी विचारले.

"माहीत नाही."

"जरा हलवून बघ ना."

"नाही, माई. तिचं तिला ठरवू द्या."

मग माईंनी एक डुलकी काढली. चौकीदार येऊन खिडकीतून पाहून गेला आणि काही न विचारता परतला. बाईंची मान ताठ होती आणि दोन्ही हात मांडीवर मिटलेले होते. मला त्यांना धीराचे काही सांगावेसे वाटत होते, आणि जे जे सुचत होते ते सगळे क्षमेने सुरू होत होते. मी काचेकडे बघत राहिलो.

ऊन खिडकीतून सरकल्यावर शंखाच्या कडेला काहीतरी ओलसर, करडे दिसले. ते आत गेले. पुन्हा बाहेर आले. मग एक चपटा पाय काचेला चिकटला, शंख हळूच उचलला गेला आणि गोगलगाय काच चढू लागली. तिच्यामागे तपकिरी थरात बोटभर रुंदीची स्वच्छ वाट उमटत होती. बाईंनी चष्मा काढून पदराने पुसला, पुन्हा घातला आणि चटईवरून सरकत काचेला नाक लागेल इतक्या जवळ गेल्या.

तेवढ्यात फोन वाजला. बाईंनी मागे न बघता हात हलवला, म्हणून मी उचलला. भाचा होता. "काका, ट्रकवाल्याला तारीख सांगायची आहे. आत्याचं काय ठरलं?"

"ट्रक नको," मी म्हणालो.

"आत्या म्हणाली तसं?"

मी फोन त्या दोघींच्या दिशेने धरला. माई जाग्या झाल्या होत्या. "अगं, पण वर जाऊन करणार काय ती?" त्या विचारत होत्या.

"खाली येईल, माई."

"आणि मग?"

"मग पुन्हा वर जाईल. तुम्हांला घाई आहे का कुठं जायची?"

"छे गं. मला कसली घाई?"

"बरं," पलीकडून भाचा म्हणाला. "कळलं."